टेकडीवरची घाणेरी तोडली तर दुप्पट फुटून आली, काय चुकतंय?

टेकडीपाखरू

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत होतो, धागा काढायची पहिलीच वेळ आहे, सांभाळून घ्या.

आम्ही दहाबाराजण रोज सकाळी टेकडीवर जातो. पुण्यातलीच आहे, कुठली ते मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे कळेल. चालायचं, वर देवळापाशी पाच मिनिटं टेकायचं, उतरताना कुणाच्या तरी गळ्यात चहाचं बिल मारायचं, एवढाच कार्यक्रम. पण गेल्या काही वर्षांत पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी घाणेरी (लँटाना, ती परदेशी काटेरी झुडपं) इतकी माजलीये की दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत, शर्टाच्या बाह्या फाटतात आणि आत तर कुत्रंसुद्धा शिरत नाही. आमच्यातले एक काका ऐंशीच्या सालापासून येतायत, ते म्हणतात इथे गुडघाभर गवत असायचं, दिवाळीच्या सुमाराला सगळी टेकडी सोनेरी व्हायची, ससे दिसायचे. आता ससा सोडा, गवत कुठे आहे ते शोधावं लागतं.

तर जूनमध्ये ठरवलं की आपणच काढू. एकाच्या गावाकडून चार कोयते आणले आणि सलग चार रविवार सपासप तोडत सुटलो. मजा आली खरं सांगतो, ऑफिसातला सगळा राग निघाला. साठेक झुडपं आडवी केली असतील. दुसऱ्या रविवारी खालच्या सोसायटीतल्या एका बाईंनी चौघांच्या हातात कोयते बघून थेट पोलिसांनाच फोन लावला, कोयता गँग टेकडीवर आलीये म्हणून. त्या चौघांतले दोघे सत्तरीचे आणि एकाची गुडघ्याची सर्जरी झालेली. पोलीस हसून गेले, पण त्यांच्या पाठोपाठ वनरक्षक आला आणि त्याने विचारलं, परवानगी कुणाची घेतलीये? कुणाचीच नव्हती. माणूस सज्जन होता, नावं लिहून घेतली आणि सोडलं.

आता खरी गंमत. काल तिथे जाऊन बघितलं तर ज्या बुंध्यावर दोन फांद्या होत्या तिथे सात फुटवे आलेत, मोजले मी, आणि काय रसरशीत आहेत, आम्हाला वाकुल्या दाखवतायत. म्हणजे चार रविवार आम्ही तिची सेवाच केली की काय?

कुणी हे काम केलंय का? तोडायची कशी, कधी, ढिगाऱ्याचं काय करायचं, नंतर तिथे काय लावायचं (आम्ही वड-पिंपळाची पन्नास रोपं आणायच्या विचारात आहोत, एका नर्सरीवाल्याने फुकट देतो म्हटलंय) आणि परवानगी मिळते कुठे, सगळंच सांगा.

झाडाझडती

सत्तरीची कोयता गँग 😂😂 काका लोकांना साष्टांग नमस्कार. बाकी माहिती शून्य, वाचतोय.

कुदळ

कोयता घरी ठेवा. म्हणजे अगदी ठेवू नका, पण त्याचं काम फक्त वाट करायचं.

मी दुसऱ्या एका टेकडीवर नऊ पावसाळे हेच करतोय आणि पहिली दोन वर्षं तुम्ही केलंत तेच केलं, त्यामुळे हसणार नाही. घाणेरीचं खोड जिथे मुळाला मिळतं तिथे जमिनीला लागून एक जाड गाठीसारखा भाग असतो. फुटवे तिथून येतात. त्याच्या वर कितीही तोडा, गुलाबाची छाटणी केल्यासारखं होतं, ती तुम्हाला दुवा देते. म्हणून ती गाठच निघाली पाहिजे.

करायचं असं. आधी बाहेरच्या फांद्या छाटून बुंध्यापर्यंत हात जाईल एवढी वाट करा. मग टिकावाने किंवा लहान कुदळीने बुंध्याभोवतीची माती सैल करा, फार नाही, वीतभर. गाठीच्या खाली तीनचार इंचांवर मुख्य मूळ तोडा आणि अख्खं झुडूप उचलून उलटं करून ठेवा, मुळं आभाळाकडे. उलटं का, तर सुलटं ठेवलं आणि चार सरी आल्या तर ती बया पुन्हा मूळ धरते, आमच्याकडे धरलंय. ही पद्धत काही माझी नाही, दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी बसवली आणि कॉर्बेटच्या जंगलात वापरून दाखवली, आता देशभर वनखात्याची माणसं वापरतात. औषध नको, मशीन नको. फक्त कंबर लागते.

अख्खी जमीन मात्र खणत सुटू नका. जेवढी माती उकरून ठेवाल तेवढं गाजर गवत आयतं येऊन बसेल.

वेळ म्हणाल तर दोनतीन चांगले पाऊस झाले की. माती मऊ असते, मे महिन्यात तोच बुंधा पहारीनेही हलत नाही. काळी फळं धरलेली असतील तर ते घोस आधी पोत्यात काढून घ्या, मगच झुडूप हलवा. नाहीतर ओढत नेताना सगळ्या वाटेवर पेरणी करत जाल.

आणि मुख्य गोष्ट जी कुणाला ऐकायची नसते, ती म्हणजे एकदा काढून काही होत नाही. बुलबुल फळं खातात, झाडावर जाऊन बसतात आणि खाली बी टाकतात. म्हणून प्रत्येक बोराटीखाली, प्रत्येक निंबाखाली घाणेरीचं एक बाळ असतंच. काढलेल्या जागेत पुढची तीन वर्षं तरी दर पावसाळ्यात फिरून बोटभर रोपं उपटावी लागतात. हे काम पोरंसुद्धा करतात, ओल्या मातीतून दोन बोटांनी निघतात. पण लोक साठ झुडपं तोडायला येतात, बोटभर रोपं उपटायला कुणी येत नाही, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही. आम्ही पहिल्या वर्षी चाळीसजण होतो. तिसऱ्या वर्षी पाच. आजही पाचच आहोत आणि दरवर्षी बॅडमिंटन कोर्टाएवढा एकच तुकडा नवा घेतो, बाकीचा वेळ जुन्यावर.

हातात जाड चामड्याचे मोजे घाला, बागेतले कापडी नकोत. काटे बारीक असतात पण दोन दिवस खाजतात.

अर्धाचहा

परवानगीबद्दल. पहिलं काम म्हणजे जमीन कुणाची ते शोधा. पुण्यातल्या टेकड्यांचं असं आहे की वर चढताना तुम्ही अर्ध्या तासात तीन मालकांच्या जमिनीवरून जाता. काही भाग वनखात्याचा, काही महापालिकेचा, काही चक्क खाजगी. वनखात्याचा असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्र द्या. कुठला तुकडा, किती माणसं, कुठले वार, काय काढणार आणि *काय काढणार नाही* हे लिहा. शेवटचं फार महत्त्वाचं, त्यांना भीती त्याचीच असते. पोच घ्या. पहिल्या दिवशी वनरक्षकालाच बोलवा, तो सज्जन आहे म्हणता ना, मग अर्धं काम झालं.

झुडपांपुरतं एवढं पुरतं. पण सुबाभूळ, गिरिपुष्प असली मोठी झाडं तोडायचा विचार असेल तर थांबा. शहर हद्दीत १९७५ चा झाडांचा कायदा आहे आणि झाड परदेशी आहे म्हणून आपल्या मनाने तोडता येत नाही. विचारल्याशिवाय करवत काढू नका.

आमचा अनुभव सांगतो, कुठला ते विचारू नका. साहेबांशी वर्षभर बसून सगळं जमवलं, नकाशे केले, आणि पावसाळ्याच्या तोंडावर साहेबांची बदली. नवीन साहेबांनी विचारलं तुम्ही कोण. तेव्हा सगळं कागदावर ठेवा, तोंडी काही नको.

आणि कोयते पोत्यात गुंडाळून न्या हो, आजकालचे दिवस!

माळरान

टेकडीपाखरू, कुदळ यांनी काढायचं कसं ते छान सांगितलंय, माझा प्रश्न वेगळा आहे. काढल्यावर तिथे तुम्हाला हवंय काय?

कारण तुम्ही वड-पिंपळ म्हणालात आणि माझ्या पोटात गोळा आला. तुमच्या काकांनी काय सांगितलं ते परत वाचा, गुडघाभर गवत, सोनेरी टेकडी. त्यांनी घनदाट जंगल होतं असं म्हटलेलं नाही. पुण्याच्या टेकड्या पातळ मातीच्या, वर कातळ उघडा, सात-आठ महिने कोरड्या. तिथलं मूळचं रान म्हणजे मधे मधे विरळ झाडं आणि त्यांच्यामध्ये गवत. झाडं पण कोणती, तर सालई, मोई, गणेर, मेडशिंगी, हिवर, खैर, पळस, पांगारा. झुडपांत तरवड, अमोनी, हेंकळ, मुरुडशेंग. उन्हाळ्यात यांतली बरीचशी निष्पर्ण होऊन उभी राहतात आणि लोकांना वाटतं मेली, टेकडी उजाड झाली, लावा झाडं! फेब्रुवारी-मार्चमध्ये एकही पान नसलेल्या गणेरीवर तळहाताएवढी पिवळीधमक फुलं बघितली आहेत का कुणी? तिला हिरवं करायची गरज नाहीये हो.

या 'उजाड' च्या भीतीपोटीच वनीकरणात टेकड्यांवर गिरिपुष्प लावला गेला. मेक्सिकोकडचा, भराभर वाढणारा, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, त्यामुळे जगतो. मराठीत त्याचं दुसरं नाव उंदीरमारी आहे, त्यावरून काय ते समजा. मार्चमध्ये गुलाबी फुलतो तेव्हा लोक चेरी ब्लॉसम म्हणून फोटो टाकतात. त्याच्या दाट रांगेखाली जाऊन बघा, कुसळी गवताची एक काडी नसते.

तर आधी एक पावसाळा नुसतं बघा. वहीत लिहा. घाणेरीच्या जाळीतच खूपदा तरवड, हेंकळ, एखादी बारतोंडी अडकलेली असते, ती कोयत्याच्या रागात तुटून जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळी पिकली की तिचं बी गोळा करा. गोळा काय करायचं म्हणा, सॉक्स घालून एक चक्कर मारा, घरी येऊन तासभर उपटत बसा, झालं गोळा. मारवेल गवताचं बी पण ठेवा. पुढच्या जूनमध्ये काढलेल्या जागेत विस्कटून टाका. खड्डे नकोत, जेसीबीने चर नकोत (त्या चरांनी किती चांगलं गवत उलथलंय ते आठवलं की माझं डोकं फिरतं, तो विषय परत कधीतरी).

आणि सगळी घाणेरी एका वर्षात काढू नका. पावसाळा म्हणजे मोरांचा, बुलबुलांचा वगैरे घरट्यांचा काळ. लांडोर जमिनीवर झुडपाच्या आडोशाला अंडी घालते. प्रत्येक झुडपात आधी वाकून बघा, घरटं असेल तर ते झुडूप दिवाळीपर्यंत विसरा. आता त्यांना दुसरा आडोसाच उरला नाहीये, म्हणून एक पट्टा काढायचा, शेजारचा ठेवायचा, पहिल्यात देशी झुडपं उभी राहिली की मग दुसरा.

अजून एक. रिकाम्या जागेत पहिल्यांदा येणारा पाहुणा बहुतेक करून गाजर गवत नाहीतर कॉसमॉस असतो. गाजर गवत तर आपल्या पुण्याचंच नाव घेऊन देशभर गेलंय, भारतात त्याची पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यातली. कॉसमॉस म्हणजे ती केशरी-पिवळी फुलं, सप्टेंबरात टेकडीवर ज्यांच्यात उभं राहून लोक सेल्फी काढतात. मी एकदा ती उपटत होते तर एका जोडप्याने मला थांबवलं, काकू आमचं प्रीवेडिंग शूट चालू आहे, ही फुलं का काढताय. मी म्हटलं तुमचं होऊ द्या, मी बसते. बसले. मग उपटली. फुलायच्या आत काढली तर सोपं, बी झालं की पुढच्या वर्षी तिप्पट.

सकाळची फेरी

मी त्या पोलिसांना फोन करणाऱ्या बाई नाही, पण तिथे असते तर मीही केला असता.

राग मानू नका. पण मी पस्तीस वर्षं टेकडीवर जातेय आणि मला एक कळत नाही की हिरवं आहे ते उपटायचं कशाला. घाणेरीवर मी दहा प्रकारची फुलपाखरं बघते. बुलबुल तुम्हीच म्हणताय फळं खातात. लहानपणी आम्हीही खाल्लीत ती काळी फळं, जीभ जांभळी व्हायची. आणि ते गिरिपुष्प ज्याला तुम्ही नावं ठेवताय ना माळरान ताई, ती झाडं आम्ही सातवीत असताना सरांनी आम्हाला टेकडीवर नेऊन लावायला लावली होती. रविवारी दप्तरात पाण्याच्या बाटल्या घेऊन चढायचो. माझं झाड अजून आहे, मला माहितीये कुठलं ते. आज कुणीतरी येऊन म्हणतं ते चुकीचं झाड आहे. आधी सावली तरी द्या, मग तोडा.

माळरान

सकाळची फेरी, तुमच्या झाडाला कुणी हात लावणार नाही, आणि गिरिपुष्प सरसकट तोडा असं मी म्हणतही नाही. त्याच्या फांद्या विरळ करून उजेड आत घ्यायचा, त्याच सावलीत देशी रोपं वाढवायची, ती मोठी झाली की बघू. वीस वर्षांचं काम आहे. फुलपाखरांचं म्हणाल तर मोठी फुलपाखरं घाणेरीवर रस प्यायला येतात हे खरंच आहे. पण त्यांच्या अळ्यांना खायला जी झाडं लागतात ती घाणेरीच्या खाली मरतात. हॉटेल आहे, घर नाही. तुम्ही आमच्याबरोबर एक रविवार याच, नुसत्या बघायला.

काजूवाला

आमच्याकडे सिंधुदुर्गात तुमची घाणेरी परवडली म्हणायची वेळ आलीये. इथे रानमोडी. नावातच सगळं आलं, रान मोडून टाकते. काजूच्या बागेत एक वर्ष बेणणी (रान साफ करणं) चुकली की डोक्यावर जाते आणि काजूचं बी पडलेलं दिसतसुद्धा नाही. हिवाळ्यात पांढरीफटक फुलते, मग बी सावरीच्या म्हाताऱ्यांसारखं वाऱ्यावर, म्हणजे शेजाऱ्याने काढली नाही तर तुम्ही काढून उपयोग काय? मार्चनंतर तीच वाळून सरपण होते आणि वणवा लागला की सड्यावरून (वरच्या कातळमाळावरून) बागेत शिरायला दहा मिनिटं पुरतात. वणवा जाऊन पाऊस पडला की सगळ्यात आधी काय फुटतं? रानमोडी.

आमचा अनुभव कुदळ यांच्यासारखाच, फुलायच्या आधी, पाऊस चालू असताना मुळासकट उपटायची. ग्रासकटर मारून ती जात नाही, जोमाने येते. एक उपयोग आहे तिचा, कोयता लागला की पाला चोळून जखमेवर लावायचा, रक्त थांबतं असं आमच्याकडचे जुने लोक करतात. म्हणजे तोडताना लागलं तर औषधही तिथेच 😀

ढिगाऱ्याबद्दल कुणी बोललंच नाही. उलटी करून ठेवलेली घाणेरी वाळली की उन्हाळ्यात एका विडीचं काम आहे, सगळी टेकडी पेटेल. पायवाटेजवळ ठेवू नका आणि जाळू तर नकाच.

कुदळ

बरोबर, राहिलंच ते. आमच्याकडे खालच्या वस्तीतल्या बायका सरपणाला नेतात, दिवाळीनंतर येतात, वाळलेल्या काठ्यांच्या मोळ्या बांधतात. आम्ही फक्त जाड काठ्या वेगळ्या करून ठेवतो. मार्चपर्यंत एक काडी उरत नाही. त्यांना कुणीतरी जाऊन सांगायला मात्र लागतं. आम्ही पहिल्या वर्षी सांगितलं नाही, त्यांना वाटलं वनखात्याचा माल आहे, घाबरून हात लावेनात.

झाडाझडती

नीलगिरीत तर आदिवासी कारागीर त्याच काठ्यांचे हत्ती बनवतात, खऱ्या हत्तीएवढे! २०२१ मध्ये लंडनच्या बागांमध्ये कळपच्या कळप नेऊन उभा केला होता. तुम्ही एक ससा करा निदान, काकांसाठी.

मिशिगनकाठी

सकाळची फेरी यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, जरा लांबण लागेल.

मी शिकागोच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहते, माहेर साताऱ्याचं. मुलाला शाळेसाठी सेवेचे तास भरायचे होते म्हणून एका रविवारी त्याला जवळच्या जंगलात सोडायला गेले, थंडी वाजत होती म्हणून गाडीत न बसता मीही करवत घेतली. त्याचे तास भरले, तो सुटला, मी अडकले. हा सातवा हिवाळा.

इथली घाणेरी म्हणजे बकथॉर्न. १९व्या शतकात युरोपातून कुंपणाला म्हणून आणलं आणि जंगलात पळालं, आता आमच्या राज्यात विकायलासुद्धा बंदी आहे. इथलं मूळचं रान पण माळरान ताई सांगतात तसंच, दूर दूर उभे ओक आणि खाली गवत-फुलं. बकथॉर्नची सावली इतकी दाट की ओकचं रोप वर येतच नाही. दीडदोनशे वर्षांचे म्हातारे ओक उभे आहेत आणि खाली एक वारस नाही, एखाद्या गावात सगळी पोरं मुंबईला गेल्यासारखं. ओळखायला सोपं, नोव्हेंबरात सगळी झाडं खराटा झाली तरी हेच हिरवं असतं. कापलं की साल आतून नारिंगी, ओल्या हळदीसारखी. मी पहिल्यांदा कापलं तेव्हा हात पुसायला रुमाल शोधला होता, वाटलं डाग पडणार. फळं काळी, रेचक. पक्षी खातात आणि फार लांब जाऊ शकत नाहीत, समजून घ्या.

आम्ही हिवाळ्यात काम करतो, कारण जमीन गोठलेली असते, बुटांनी खालची फुलं तुडवली जात नाहीत. तोडलेलं तिथेच बर्फावर जाळतात (तुमच्या टेकडीवर हे अजिबात नको, काजूवाल्यांनी सांगितलंय). बुंध्यावर लायसन असलेला माणूस तणनाशक लावतो, तेही तुम्हाला नको, मुळासकट निघतंय तर उत्तमच.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. इथे हे काम १९७७ मध्ये स्टीव्ह पॅकार्ड आणि काही स्वयंसेवकांनी शिकागो नदीच्या नॉर्थ ब्रँचच्या काठाने सुरू केलं. वीस वर्षं इमानाने केलं. आणि १९९६ मध्ये आजूबाजूचे लोक इतके भडकले की कुक काउंटीने (म्हणजे शिकागोच्या जिल्हा प्रशासनाने) हे सगळं काम स्थगित केलं, काही जागांवर कितीतरी वर्षं स्थगितीच होती. लोकांचं म्हणणं काय होतं? अगदी हेच, की आमच्या घरामागचं हिरवं जंगल आम्हाला न विचारता का तोडताय. ते लोक काही जंगलाचे शत्रू नव्हते, रोज फिरायला जाणारेच होते. जुने स्वयंसेवक अजूनही सांगतात की आम्हाला झाडांबद्दल सगळं माहीत होतं, पण कुंपणापलीकडच्या बाईंशी आम्ही बोललो नव्हतो.

म्हणून टेकडीपाखरू, कोयता काढायच्या आधी पाटी लावा, मराठीत, मोठ्या अक्षरात. काय काढतोय, का काढतोय, कधी भेटता येईल. आणि त्या फोन करणाऱ्या बाईंना चहाला बोलवा. मनापासून सांगतेय.

सकाळची फेरी

मिशिगनकाठी, छान लिहिलंत. पटलं असं म्हणत नाही, पण मला कुणी विचारलं नव्हतं हे खरं. रविवारी किती वाजता असता हो तुम्ही लोक, माळरान ताई?

माळरान

साडेसहा. पाण्याची बाटली आणा, सवय असेलच 🙂

टेकडीपाखरू

सगळ्यांचे आभार, वैयक्तिक उत्तरं देत नाही. आता अडीच महिन्यांनंतरची खबरबात.

पत्र दिलं, पोच मिळाली, तीन हेलपाट्यांनंतर परवानगीही मिळाली, एका पट्ट्यापुरती. वड-पिंपळ रद्द, नर्सरीवाला जरा नाराज आहे. पाटी लावली, दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्यावर क्लासची जाहिरात चिकटवली, परत लावली.

कुदळ यांच्या पद्धतीने पहिल्या रविवारी सहाजणांनी मिळून अकरा झुडपं काढली. अकरा! कोयत्याने साठ तोडली होती, त्यामुळे मंडळींचं तोंड बघण्यासारखं होतं. दोघांनी पुढच्या रविवारी दांडी मारली. पण गाठीखाली मूळ तुटताना जो कट् असा आवाज येतो त्याची चटक लागते, हे मान्य. त्या अकरातलं एकही फुटलेलं नाही, काल जाऊन बघितलं. एका जाळीच्या पोटात तरवड सापडली, मनगटाएवढी जाड, वाकून वाकून पार आडवी झालेली. घाणेरी काढल्यावर ती तशीच आडवी उभी आहे, सरळ कसं व्हायचं ते विसरल्यासारखी. फुलं मात्र आलीयेत. एका झुडपात घरटं होतं, ते सोडलं, त्याला लाल चिंधी बांधलीये. आणि फोन करणाऱ्या बाई चहाला आल्या नाहीत, पण आता वरून जाताना थांबून मोजतात, आज किती झाली म्हणून.

आता अडचण. काढलेल्या जागेत चिंचेसारखी बारीक पानं असलेली रोपं उगवलीत, वीतभर, बरीच आहेत. आमच्यातल्या एका उत्साही काकांनी सुबाभूळ म्हणून आठदहा उपटली पण. मला शंका आली म्हणून थांबवलं. फोटो टाकलाय, बघा.

माळरान

फोटो हललाय. पानाच्या देठाशी खोडावर काटे आहेत का? सुबाभळीला नसतात.

टेकडीपाखरू

आत्ता टॉर्च घेऊन जाऊन आलो. आहेत. जोडीजोडीने, सरळ, पांढरट.

माळरान

मग सुबाभूळ नाही, बहुतेक हिवर आहे, आपलाच. उपटलेल्यांची मुळं ओली असतील तर आत्ताच्या आत्ता परत खोचा, आणि उरलेल्यांच्या शेजारी एकेक दगड ठेवा म्हणजे काकांना दिसेल.